बायचा चारा

देवबागच्या किनाऱ्यावर त्या सकाळी रापणीचं लांबलचक जाळं ओढताना एका बाजूचा दोर भलताच जड लागत होता. ओढणाऱ्यांना वाटलं, आज मासा चांगला लागला. जाळं वाळूवर आलं, तर बांगड्यांच्या ढिगात एक भलंमोठं कासव आडवं पडलेलं. दोघांनी मिळून उचलायचं म्हटलं तरी धाप लागावी असं. पोहायचा पुढचा डावा पाय, ज्याला मच्छीमार पर म्हणतात, त्यात कुठल्यातरी जुन्या, टाकून दिलेल्या जाळ्याचा नायलॉन इतका खोल रुतला होता की आतलं हाड दिसत होतं.

रापणीचा मालक बाबली तांडेल. त्याने बांगड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोयतीने स्वतःचं जाळं कापून कासव मोकळं केलं, त्याच्यावर ओलं गोणपाट टाकलं आणि भाचीला फोन लावला.

"गो दिव्या, गाडी घेऊन ये. एक बाय गावलीहा. हात तुटलोहा तिचो."

"बाय? कोण बाय, मामा?"

"तू ये तर खरी!"

दिव्या आली आणि तेच नाव कासवाला चिकटलं. बाय.

दिव्या मुंबईला प्राण्यांचं पोषणशास्त्र शिकली होती. पिंजऱ्यात आणि हौदात ठेवलेली जनावरं काय खातात, कशी वागतात आणि त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध असतो, यावर तिने डॉक्टरेट केली. पुढे मोठ्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयात नोकरी चालून आली होती, पण मालवणजवळ एका संस्थेने जखमी समुद्री प्राण्यांसाठी केंद्र काढलं आणि ती गावी परतली. गावात त्याचं कोणाला फारसं अप्रूप नव्हतं. "सावित्रीचा चेडू इतक्या शिकला आणि आता कासवांका जेवण घालता," असं लोक म्हणायचे. आई सावित्री त्यावर हसून म्हणायची, "घालता ना? उपाशी तर नाय ठेवणा?" पण हसताना तिचा चेहरा थोडा उतरायचा, हे दिव्याला ठाऊक होतं.

कुडाळहून डॉक्टर आले. पर वाचवण्यासारखा उरला नव्हता, तो काढावा लागला. बाय वाचते की नाही हेच काही दिवस कळेना. मग एके दिवशी बाबलीमामाने स्वतःच्या हाताने तिच्या तोंडाशी बांगड्याचा तुकडा धरला, आणि बायने तो गट्ट केला. केंद्रातल्या हौदाभोवती उभ्या असलेल्यांनी टाळ्याच वाजवल्या. दिव्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर बायने मागे वळून पाहिलं नाही. जखम भरली, अंग भरलं. मामा रापण आटोपून तडक केंद्रावर यायचा, ताजे बांगडे घेऊन. त्याच्या पायांचा आवाज ओळखून ती पाण्याबाहेर मान काढायची. नाताळच्या सुट्टीत पर्यटक आले ते बायला बघायलाच. तीन पायांचं कासव माणसाच्या हातून मासा खातं, हे बघायला लहानथोर हौदाभोवती दाटी करायचे.

केंद्राचे प्रमुख जितेंद्र मयेकर. केंद्र उभं करायला त्यांनी दारोदार फिरून माणसं जोडली होती. त्यांनी एक दिवस दिव्याला बोलावून आनंदाने सांगितलं, "आपण समोरच्या बाजूला काचेचा मोठा हौद बांधतोय. बायसाठी. ती आता समुद्रात जगायची नाही. राहू दे तिला इथेच, सुखात. चांगली खाते, पिते, पोहते."

"ती पोहत नाही, सर," दिव्या म्हणाली. "तरंगते."

जितेंद्र सरांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

दिव्या त्यांना हौदाशी घेऊन गेली. बाय पाण्यावर होती. मागचा भाग बुडबुड्यासारखा वर आलेला, डोकं किंचित खाली. ती भिंतीला धरून एकाच दिशेने गोल गोल फिरत होती. एक फेरी, दुसरी, तिसरी. भिंतीला घासून घासून तिच्या नाकाचं टोक सोललं होतं.

"आल्यापासून ती एकदाही तळाला गेलेली नाही. तिला जाताच येत नाही. पोटात वायू धरलाय. आणि सर, हे हिरवं कासव आहे. लहानपणी ही कासवं मिळेल ते खातात, पण मोठं झालं की शेवाळ आणि समुद्रातलं गवत हाच त्यांचा चारा. आतडी गायीसारखी, हिरवं पचवणारी. गायीला कोणी वर्षभर बांगड्यांवर ठेवलं तर काय होईल?"

"पण ती आवडीने खाते गो!" जितेंद्र सर एकदम मालवणीवर आले.

"आवडीचं आणि अंगी लागायचं, दोन्ही एकच असतं तर माझ्या शिक्षणाची गरजच नव्हती."

जितेंद्र सर भला माणूस. ते विचारात पडले. मार्चमध्ये चेन्नईहून एक तज्ज्ञ बाई वनखात्याच्या माणसांबरोबर येणार होत्या. बायला सोडायचं की ठेवायचं, हे त्याच ठरवणार होत्या. "तोवर तुला काय करायचं ते कर," ते म्हणाले. "पण तिला काही झालं तर लोक माका सोडूचे नाय, आणि तुकाय."

दिव्याने बांगडे हळूहळू कमी करत बंद केले. हिरवा पाला आणि वाळवलेल्या शेवाळाची भुकटी एकत्र करून, खरवसासारख्या घट्ट वड्या थापल्या आणि पाण्यावर सोडल्या. बायने वास घेतला आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तेच. वड्या विरघळून पाणी हिरवं व्हायचं, आणि बाय माणसांच्या पावलांकडे मान वर काढून बांगड्याची वाट बघत राहायची.

ती वाट बघणं बाबलीमामाच्या काळजाला घरं पाडत होतं. तो पिशवीत बांगडे घेऊन आला. दिव्याने त्याला हौदाच्या कट्ट्यावरच अडवलं.

"मामा, नको. आता मासो नाय."

"गो, बघ तिच्याकडे! दोन दिवस पोटात काय नाय तिच्या."

"ती महिनोन्‌महिने उपाशी राहू शकते. माका म्हायत आसा."

"तुझ्या पुस्तकात लिवलेला आसात," मामा म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला तशी आजूबाजूची माणसं थांबली. "पण पोट तिचा आसा! माका बघून ती मान वर काढता आणि तुका बघून फिरवता. मुक्या जनावराक उपाशी मारूचा शिकलंस काय गो थंय?"

लहानपणी ज्या मामाच्या खांद्यावर बसून दिव्याने समुद्र पाहिला, तो चारचौघांत असं बोलला होता. पण तिने वाट सोडली नाही. मामाने पिशवी तिथेच कट्ट्यावर ठेवली आणि तो पाठ फिरवून निघून गेला. पुढचे कितीतरी दिवस तो केंद्राकडे फिरकला नाही. बाजारात मात्र बातमी फिरली. सावित्री एकदा भाजी न घेताच घरी परत आली आणि लेकीला म्हणाली, "लोक काय बोलतत ता तुका सांगणंय नाय. तू फक्त माका सांग, तुका खात्री आसा ना?"

"चारा कुठला द्यायचा याची खात्री आहे, आई," दिव्या म्हणाली. "ती का खाईना, ते अजून कळलेलं नाही."

ते कळून घ्यायला ती हौदाशी बसून राहिली. हौदावर कॅमेरा होताच, पण तिचा भरवसा डोळ्यांवर जास्त. बाय किती वेळ फिरते, कुठे थांबते, कशाकडे वळते. आणि एका सकाळी तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. बाय भिंतीला नाक सगळीकडे सारखं घासत नव्हती. फेरी मारताना ती एका ठिकाणी थांबायची, जिथे पाण्याचा नळ हौदात उतरत होता. तिथे मान तिरकी करायची, तोंड उघडायची, भिंतीला घासायची आणि पुढे निघायची. पुन्हा फेरी, पुन्हा तिथेच थांबणं.

दिव्या कट्ट्यावर पालथी पडली आणि नळाच्या मागे हात घातला. बोटांना बुळबुळीत लागलं. हौद रोज ब्रशने घासून लख्ख व्हायचा, पण नळाच्या मागे ब्रश पोहोचत नव्हता. तिथे कोवळ्या शेवाळाचा पातळ थर धरला होता, आणि त्या थरावर बायच्या जबड्याचे ओरखडे होते.

इतके दिवस सगळे म्हणत होते, बिचारी कंटाळून नाक घासते. दिव्या स्वतःही तेच समजत होती. बाय नाक घासत नव्हती. ती चरत होती! भुईवर उगवलेलं, दगडाला धरलेलं, ओढून तोडून खायचं, ही तिची रीत. पाण्यावर तरंगणारी वडी तिला अन्न वाटलीच नव्हती. आणि तरंगणारा बांगडा ती खायची तो माणसांनी तोंडात घालून घालून शिकवला म्हणून.

दिव्या तशीच उठली. कपडे ओले, कोपर खरचटलेलं, आणि तोंडावर असं हसू की हौद घासणाऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "आजपासून हौद इतको लख्ख नको," एवढंच ती त्यांना म्हणाली.

वनखात्याची परवानगी आली तशी, ओहोटी बघून दिव्या खडपांवर, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या खडकांवर, गेली. सावित्रीही पदर खोचून बरोबर निघाली. त्या दोघी पूर्वी याच खडपांवर कालवं काढायला यायच्या. लहानपणी ज्यावरून पाय घसरून आपटली होती ते हिरवंगार, पालकाच्या पानासारखं पातळ शेवाळ दिव्या आता हौसेने शोधत होती. शेवाळ खरवडून घ्यायचं नाही, शेवाळासकट छोटे दगडच उचलायचे, आणि एकाच जागचे सगळे उचलायचे नाहीत, असं तिने आईला बजावलं. सावित्रीने एक दगड हातात फिरवून पाहिला. "आमच्या वेळेक ह्या पायाखाली यायचा म्हणून शिव्या घालू," ती म्हणाली आणि तो जपून टोपलीत ठेवला.

दिव्याने बांबूची एक चौकट बनवून घेतली. तिच्यावर दगड मांडले आणि दोरांनी ती हौदात सोडली. पण तळाला नाही. बायला तिथवर जाताच आलं नसतं. चौकट तिने पाण्याच्या पृष्ठभागापासून वीतभर खालीच ठेवली.

बाय फिरत फिरत आली. थांबली. दगडांवर शेवाळाची पानं पाण्याबरोबर हलत होती. तिने मान तिरकी केली, एक डोळा त्या पानांवर लावला. मग पुढे होऊन एक झुबका जबड्यात धरला आणि हिसका दिला. दगड खडखडला. ती चावली. गिळली. पुन्हा हिसका दिला.

कट्ट्यावर उभ्या जितेंद्र सरांनी दिव्याचा हात एवढा घट्ट धरला की तिला तो सोडवून घ्यावा लागला.

त्यानंतर रोज दिव्या दोर थोडा थोडा सैल करत गेली. चौकट खाली, अजून खाली. बायला चारा हवा तर वाकावं लागे, मग डोकं बुडवावं लागे, मग तीन परांनी जोर करून अंग खाली रेटावं लागे. कधी ती अर्ध्यावरून बुचासारखी वर यायची. बघणारे हळहळायचे, "कित्याक छळता बिचाऱ्या जनावराक." दिव्या ऐकून घ्यायची आणि दोर तेवढ्यावरच ठेवायची, बाय पोहोचल्याशिवाय पुढे सोडायची नाही. तिला छळायचं नव्हतं. पण हौदात सुखाने बसलेल्या जनावराला करायला काही काम नसणं, हाही एक छळच असतो, हे तिने आपल्या अभ्यासात पिंजऱ्यापिंजऱ्यांतून पाहिलं होतं.

मग एका सकाळी हौदाची जाळी साफ करणाऱ्या बाईने तिला हाक मारली. बायच्या शेणात काहीतरी होतं. दिव्याने ते धुऊन पांढऱ्या परातीत मांडलं. प्लास्टिकच्या पिशवीच्या चिंध्या. दुधाच्या पिशवीचा कोपरा, त्यावरची निळी अक्षरंसुद्धा दिसत होती. फुग्याचं फाटकं रबर. पुढच्या दिवशी अजून. गच्च, काळपट, एकमेकांत गुंतलेल्या गोळ्यासारखं. पोटात हे अडकलं होतं आणि त्याच्या मागे वायू साचला होता. बांगड्याने ते हललं नसतं. हिरव्या चाऱ्याच्या चोथ्याने ते रेटून बाहेर काढलं होतं. कुडाळचे डॉक्टर येऊन बघून गेले. "क्ष-किरणांत हे दिसलंच नव्हतं," ते म्हणाले. "बरं झालं तुम्ही हट्ट सोडला नाही."

ती परात दिव्याने तशीच झाकून ठेवली आणि मामाला निरोप धाडला. तो दुपारी आला, तोंड पाडून, हात मागे बांधून. दिव्याने परातीवरचं झाकण काढलं.

मामा बराच वेळ वाकून बघत राहिला. एक चिंधी त्याने बोटाने उलटी केली.

"ह्या सगळा तिच्या पोटात होता?"

"होय, मामा."

"आणि ह्याच्यावर मी बांगडे घालीत होतंय." तो सरळ झाला आणि हौदाकडे गेला. बाय वर नव्हती. त्याने घाबरून दिव्याकडे पाहिलं.

"खाली बघ," ती म्हणाली.

हौदाच्या तळाला, सपाट बसून, बाय दगडावरचं शेवाळ ओढत होती. मामाच्या पायांचा आवाज तिने ऐकला असेल की नाही कोण जाणे. तिने मान वर काढली नाही. चरत राहिली. मामा कट्ट्यावर मांडी घालून बसला. "माका बघूकसुद्धा तयार नाय," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की जणू घरातली लेक शाळेत पहिली आली. "बरा झाला. बरा झाला गो!"

दुसऱ्या दिवसापासून ओहोटीला खडपांवर दिव्याच्या आधी मामा हजर असायचा, टोपली घेऊन. कुठला दगड उचलायचा, कुठला नाही, ते तो भाचीला विचारून विचारून करायचा, आणि रापणीवरच्या मंडळींना तेच स्वतःचं असल्यासारखं समजावून सांगायचा.

मार्चमध्ये चेन्नईच्या तज्ज्ञ बाई आल्या. पांढरे केस, पायात रबरी चपला, बोलणं थोडकं. कासवांवर आयुष्य घालवलेली बाई. त्यांनी बायला पाण्याबाहेर काढून तपासलं, भरलेली जखम दाबून पाहिली, नाकाची नवी कातडी पाहिली. मग वजनाचा आकडा बघून कपाळाला आठी घातली.

"नाताळानंतर हिचं वजन बरंच उतरलंय," त्या हिंदीत म्हणाल्या. खोलीत जितेंद्र सर, वनखात्याचे अधिकारी, सगळ्यांनी दिव्याकडे पाहिलं.

"हो," दिव्या म्हणाली. "ते मीच उतरवलंय."

तिला स्वतःच्या आवाजाचं आश्चर्य वाटलं. त्यात कंप नव्हता. मग तिने सगळं सांगितलं. बांगड्यांनी आलेली चरबी, फुगलेलं पोट, नळामागचं शेवाळ, चौकट कशी आणि का खाली नेली, चिंध्या कधी पडल्या, बाय आता तळाला किती राहते, गोल फेऱ्या कधी थांबल्या. पडद्यावर तिने जुनं आणि नवं चित्रण शेजारीशेजारी दाखवलं. बाईंनी मधेमधे आडवे प्रश्न विचारले, कठीण प्रश्न. एका प्रश्नाला दिव्या म्हणाली, "ते मला माहीत नाही. अजून दोन-चार कासवांवर बघितल्याशिवाय सांगता येणार नाही." तेव्हा बाईंनी पहिल्यांदा मान डोलावली.

शेवटी त्या हौदाशी गेल्या. दिव्याने नव्या दगडांची चौकट अगदी तळाला सोडली. बायने वरती एक श्वास घेतला, मान वाकवली आणि तीन परांनी पाणी कापत सरळ खाली गेली. तिरकी नाही, धडपडत नाही. बाई घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. बाय खालीच. त्या अजून थांबल्या. मग घड्याळावरची नजर त्यांनी काढूनच घेतली.

"सोडा हिला," त्या म्हणाल्या. आणि दिव्याकडे वळून, "तुम्ही हे सगळं लिहून काढा. आमच्याकडे एक कासव आहे, तीन वर्षं झाली, असंच गोल फिरतंय. आम्ही त्याला मासेच घालतोय."

बायला सोडलं ते देवबागच्याच किनाऱ्यावर, सकाळच्या उन्हात. बातमी न सांगता पसरली होती. रापणीवरचे सगळे होते, बाजारातल्या बायका होत्या. बाबलीमामाने नवीकोरी टोपी घातली होती. चौघांनी बायला वाळूवर ठेवलं. ती क्षणभर तशीच राहिली. मग एक लाट येऊन तिच्या छातीखालून गेली आणि तिने परांनी वाळू ढकलली. आणखी एक लाट. पाठ पाण्यात गेली, एकदा वर आली, आणि पुढे उरली फक्त लाटांची चमक.

कोणीतरी रडत होतं. दिव्याला वाटलं मामा असेल. ती सावित्री होती. शेजारच्या बाईने विचारलं, "गो सावित्री, ती पुढे उभी रवलीहा ती तुझा चेडू मां? काय करता म्हणालंस ती?"

सावित्रीने डोळे पुसले. "हौदातल्या जनावरांका काय व्हया, ता ती शोधून काढता," ती म्हणाली. "डॉक्टर आसा माझा चेडू. त्येतलो." तिचा चेहरा या वेळी उतरला नाही.

केंद्रात काचेचा हौद बांधून झाला, पण जितेंद्र सरांनी तो बायच्या जागी दुसऱ्या कासवाने भरला नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आलेले पर्यटक विचारत, "ते तीन पायांचं कासव कुठाय? मासे खाणारं?" सर त्यांना बाहेर ओट्यावर नेत, समुद्राकडे हात करत आणि ताठ उभे राहून सांगत, "थंय आसा. आमच्या दिव्याने धाडलान." मग मराठीत सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगत, तीही थोडी वाढवून.

दिव्या तेव्हा मागच्या हौदाशी असायची. वेंगुर्ल्याहून एक नवं कासव आलं होतं, कवचाला होडीचा पंखा लागलेलं. ते खात नव्हतं. तिने कोणालाही त्याच्या तोंडाशी काही धरू दिलं नाही. कट्ट्यावर हनुवटी टेकून ती त्याच्याकडे बघत बसली होती, ते कुठे वळतं, कशापाशी थांबतं. शेजारी बाबलीमामा उकिडवा बसला होता.

"काय म्हणता?" त्याने हळूच विचारलं.

"अजून काय नाय, मामा. जरा रव," ती म्हणाली. "बघूया."